‘पहा’पासून क्यूआर कोडपर्यंत : धड्याला धडा जोडण्याचा इतिहास

शाळेत आपण कापूस किती वेळा शिकतो?

भूगोलात तो काळ्या जमिनीत उगवतो. विज्ञानात तो सेल्युलोजचा तंतू असतो. इतिहासात तो गाठी बांधून मँचेस्टरला जातो आणि कापड होऊन परत येतो. अर्थशास्त्रात त्याचं नगदी पीक होतं. आणि यवतमाळ-वर्ध्याकडच्या पोरांसाठी तो या सगळ्याच्या आधी घरातलाच विषय असतो : यंदा भाव किती, बोंडअळी आली का, व्यापाऱ्याने वजनात किती मारलं. हे पाचही कापूस एकच आहेत, हे त्या पोरांना शाळेत कोण सांगतं?

बऱ्याचदा कोणीच नाही. तास वेगळा, पुस्तक वेगळं, शिक्षक वेगळे, कधी कधी वर्षही वेगळं. एखाद्या बाई किंवा सर भूगोलाच्या तासाला सहज म्हणून जातात, “अरे, हाच तो कापूस, गेल्या वर्षी इतिहासात आला होता तो,” आणि वर्गातल्या दोन-चार पोरांच्या डोक्यात दिवा लागतो. बाकीच्यांसाठी कापूस पाच खणांत पाच तुकडे होऊन पडून राहतो.

डिजिटल अभ्यासक्रम आला तेव्हा हा प्रश्न सुटणार असं वाटलं होतं. मोबाइलवर एका धड्यातून दुसऱ्या धड्यात जायला बोट टेकवण्यापलीकडे काही लागत नाही. धड्याला व्हिडिओ जोडा, व्हिडिओला सराव जोडा, सरावाला मागच्या इयत्तेतला धडा जोडा. तंत्र फुकटात मिळाल्यासारखं आहे. तरीही आज एखाद्या शैक्षणिक ॲपमध्ये शिरलात, तर तुम्हाला साहित्याचा ढीग दिसेल. जोडणी फार कमी दिसेल.

असं का झालं, हे शोधताना मी मागे मागे गेलो. धड्याला धडा जोडण्याची खटपट संगणकाहून फार जुनी आहे, आणि प्रत्येक काळातल्या दुव्याचा स्वभाव वेगळा होता. वाटेत आपण बरंच कमावलं. एक गोष्ट मात्र हातातून निसटली. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

चित्रातले आकडे, नोंदीतले बाण

१६५८ साली न्यूरेम्बर्गमध्ये योहान आमोस कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ नावाचं पुस्तक छापलं गेलं. मुलांसाठीच्या युरोपातल्या पहिल्या सचित्र पाठ्यपुस्तकांत त्याची गणना होते. त्यात दीडशे चित्रं होती. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर बारीक आकडा, आणि खालच्या लॅटिन व जर्मन मजकुरात त्या त्या शब्दाशेजारी तोच आकडा. मूल मजकुरातला ‘३’ वाचतं, चित्रात ‘३’ शोधतं, आणि शब्द व वस्तू यांची गाठ पडते. एवढीच युक्ती. पण ‘हे म्हणजे ते’ असं सांगणारा दुवा पाठ्यपुस्तकात इतक्या पद्धतशीरपणे आला, तो असा.

पुढच्या शतकात दुव्याला जीभ फुटली. १७५१पासून पॅरिसमध्ये दिदरो आणि दालांबेर यांच्या संपादनाखाली ‘आन्सिक्लोपेदी’ हा विश्वकोश निघू लागला. मजकुराचे १७ खंड, शिवाय चित्रांचे ११. नोंदी अकारविल्हे लावायच्या म्हटल्या, की सगळं ज्ञान विस्कटतं : शेजारी शेजारी आलेल्या दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध नसतो. त्यावर उपाय म्हणजे नोंदीच्या शेवटी ‘अमुक नोंद पाहा’ असा निर्देश. पण दिदरो तेवढ्यावर थांबला नाही. ‘नरभक्षक’ या नोंदीच्या शेवटी वाचकाला जिकडे धाडलं होतं, त्या नोंदी होत्या ख्रिस्तप्रसाद, कम्युनियन आणि वेदी. म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर ग्रहण करण्याचा विधी. मूळ नोंदीत धर्माविरुद्ध उघड बंड नाही. टोला सगळा त्या निर्देशात. १७५५ साली ‘आन्सिक्लोपेदी’ याच नावाच्या नोंदीत दिदरोने लिहून ठेवलं, की असे निर्देश एखाद्या मताला आधार देतात तसे ते एखाद्या मताचा पाया गुपचूप पोखरूही शकतात. १७५९मध्ये या ग्रंथाचा राजमान्य परवानाच रद्द झाला. त्यामागे कारणं अनेक होती, पण हा विश्वकोश नुसती माहिती देत नाही, हे सत्तेला कळलं होतं.

दोन गोष्टी शेजारी ठेवणं हे एक विधान असतं. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मराठीत या परंपरेचं सर्वांत परिचित रूप म्हणजे मराठी विश्वकोश. वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तो घडला. पहिला खंड १९७६ साली आला. ग्रंथालयात त्याचे जाडजूड खंड कधी उघडले असतील, तर तुम्हाला दोन खुणा आठवतील. मजकुरात मध्येच एखाद्या नावाआधी येणारा छोटा बाण, म्हणजे या विषयावर स्वतंत्र नोंद आहे. आणि नोंदीच्या शेवटी ‘पहा :’ म्हणून दिलेली चार-पाच नावं. आज आपण ज्याला लिंक म्हणतो, ती ही. फक्त ती उघडायला बोटाऐवजी पाय लागायचे : उठा, कपाटाकडे जा, दुसरा खंड काढा.

या ‘पहा’ची एक खुबी आहे. दुसरा खंड ग्रंथालयात नसला, कोणी घरी नेला असला, तरीही ‘पहा : कापूस, वस्त्रोद्योग’ एवढं वाचूनच तुम्हाला काहीतरी कळलेलं असतं. या दोहोंचा संबंध आहे, हे कळलेलं असतं. न उघडलेला दुवासुद्धा शिकवतो.

टकळीभोवतीची शाळा

भारतात धडे जोडण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग संगणकाच्या कितीतरी आधी, आणि तोही विदर्भात झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ किंवा मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार झाला.

आपण सहसा एवढंच ऐकलेलं असतं, की नई तालीम म्हणजे शाळेत सूतकताई. पण तिचा गाभा होता ‘समवाय’. विषय वेगवेगळ्या तासांत कापून न शिकवता एका हस्तोद्योगाभोवती, भोवतालच्या निसर्गाभोवती आणि समाजाभोवती गुंफायचे. मूल टकळीवर सूत काढतं. किती तार निघाले हे मोजताना गणित येतं. कापूस कुठे पिकतो, कुठे पिकत नाही, हे विचारलं की भूगोल येतो. ढाक्याची मलमल कुठे गेली, असं विचारलं की इतिहास दारात उभा. टकळी उभी फिरते का आणि थांबते का, हे विचारलं की विज्ञान.

म्हणजे सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वर्ध्यात शोधलं गेलं होतं. पाच कापसांचा एक कापूस कसा करायचा, हाच तर समवाय.

मग हे टिकलं का नाही? कारणं राजकीय होती, आर्थिक होती, आणि मध्यमवर्गाला आपलं पोर शाळेत सूत कातताना बघायचं नव्हतं, हेही होतं. पण एक कारण आपल्या विषयाच्या आतलं आहे. समवाय शिक्षकाच्या डोक्यावर उभा होता. सूत मोजता मोजता ढाक्याच्या मलमलीपर्यंत पोरांना न्यायचं, तर शिक्षकाला दोन्ही ठाऊक हवं. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात समवाय ओढूनताणून केलेली कसरत होतो : आजची कविता टकळीवर, उद्याचं भागाकाराचं गणित टकळीवर, परवाचा अशोकही टकळीवर. सांधा सुचला नाही तरी सांधलंच पाहिजे, अशी सक्ती झाली की पोरांना ते लगेच कळतं.

चुकलात? मग अमक्या पानावर जा

अमेरिकेत १९५०च्या दशकात वेगळंच वारं सुटलं होतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर शिकवणारी यंत्रं बनवत होता. त्याच्या पद्धतीत धडा म्हणजे सरळ रेषा : छोटी पायरी, बरोबर उत्तर, पुढची पायरी. सगळ्या मुलांची वाट एकच.

नॉर्मन क्राउडर या अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणाशी संबंधित माणसाला हे पटेना. त्याने विस्कटलेली पुस्तकं काढली. पानावर थोडं स्पष्टीकरण, खाली प्रश्न, आणि प्रत्येक पर्यायासमोर एक पान क्रमांक. बरोबर पर्याय निवडला तर पुढचा मुद्दा. चुकीचा निवडला तर ज्या पानावर पोचाल, तिथे लिहिलेलं असे, की तुम्ही बहुधा असा विचार केला असणार, तो इथे फसतो, आता परत जा. ओळीने वाचायला गेलं तर पुस्तक वेड्यासारखं वाटायचं.

इथे दुवा पहिल्यांदा वाचणाऱ्याकडे बघू लागला. कोमेनियसच्या आकड्याला वाचणारा कोण आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. क्राउडरचा दुवा तुमच्या चुकीवरून ठरत होता. तो लिहायचा तर मुलं नेमकी कुठे आणि का चुकतात, हे आधी माहीत असायला हवं. एका अर्थी तो अनुभवी शिक्षकाचा साठवून ठेवलेला अंदाज होता.

हाच विचार संगणकात शिरला तो १९६०मध्ये, इलिनॉय विद्यापीठात. डोनाल्ड बिट्झर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘प्लेटो’ नावाची शिकवण्याची संगणक-प्रणाली सुरू केली. १९६७पासून तिच्यासाठी ‘ट्यूटर’ नावाची भाषा आली. ती मुद्दाम शिक्षकांना धडे लिहिता यावेत म्हणून बनवलेली. प्लेटोच्या कळफलकावर ‘पुढे’, ‘मागे’ यांच्याबरोबर ‘मदत’ अशी एक कळ होती. ती दाबल्यावर काय उघडावं, हे धडा लिहिणारा शिक्षक धड्याच्या त्या त्या ठिकाणी ठरवून ठेवायचा. कळ तीच, पण भागाकारात अडलेल्याला एक दार उघडायचं, अपूर्णांकात अडलेल्याला दुसरं.

आजच्या ॲपमधलं ‘मदत’ बटण दाबून पाहा. बहुतेक ठिकाणी पासवर्ड कसा बदलायचा ते कळतं.

दोन्ही बाजूंनी उघडणारं दार

आता दुसरा धागा. जुलै १९४५मध्ये व्हॅनेवर बुश या अमेरिकी अभियंत्याने ‘अटलांटिक’ मासिकात एक लेख लिहिला. त्यात त्याने ‘मेमेक्स’ नावाच्या काल्पनिक टेबलाची कल्पना मांडली. टेबलाच्या पोटात माणसाची सगळी पुस्तकं सूक्ष्मपटावर साठवलेली, आणि कोणतीही दोन पानं एकमेकांना जोडता येतील अशी सोय. त्याच्या उदाहरणातला माणूस धनुष्यांचा इतिहास शोधत असतो : धर्मयुद्धांमध्ये आखूड तुर्की धनुष्य लांब इंग्रजी धनुष्याला भारी का पडलं असावं? शोधता शोधता तो इतिहासाच्या पानातून साहित्याच्या लवचीकपणाच्या तक्त्यांपर्यंत पोचतो आणि मागे एक पायवाट सोडतो. पुढे ती पायवाट तो मित्राला जशीच्या तशी देऊ शकतो. बुशने तर असंही भाकीत केलं, की अशा पायवाटा पाडणं हाच काही लोकांचा पेशा होईल.

१९६५मध्ये टेड नेल्सनने अशा एकमेकांत गुंफलेल्या लिखाणाला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिलं. आणि १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात हे सगळं खऱ्याखुऱ्या वर्गात आलं. प्रणालीचं नाव ‘इंटरमीडिया’. तिच्यावर पेशीविज्ञान शिकवलं गेलं आणि जॉर्ज लँडो या प्राध्यापकाने इंग्रजी साहित्य शिकवलं. कविता वाचताना कवीच्या काळातलं धर्मकारण, रेल्वे, विज्ञान, चित्रकला यांच्यावरच्या टिपणांकडे जाता यायचं. शिवाय विद्यार्थी स्वतःही टिपणं आणि दुवे घालू शकायचे.

इंटरमीडियाच्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, दुवे दोन्ही बाजूंनी चालायचे. कवितेतून रेल्वेकडे जाता येत असेल, तर रेल्वेच्या टिपणातही कवितेकडे जाणारी खूण असायची. दुसरी, दुवे मजकुराच्या आत कोरलेले नव्हते. ते वेगळे साठवलेले असायचे. त्यामुळे तेच साहित्य, पण या प्राध्यापकाचं जाळं वेगळं आणि त्या प्राध्यापकाचं वेगळं, असं होऊ शकायचं. साहित्य सगळ्यांचं, जोडणी मात्र कोणाची तरी. तिच्यावर नाव असायचं.

लँडोने याच अनुभवावर पुढे काही नियम लिहिले. त्यातलं मुख्य सूत्र साधं आहे : निघताना वाचकाला कळलं पाहिजे की हा दुवा कुठे नेणार, पोचल्यावर कळलं पाहिजे की आपण कुठे आलो आणि का. कोल्हापूरच्या गाडीवर कोल्हापूरची पाटी हवी, आणि उतरल्यावर स्थानकावरही हवी. एवढं साधं.

इंटरमीडिया १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली. पैसा संपला, आणि ॲपलच्या ज्या यंत्रणेवर ती चालायची ती यंत्रणाच बदलली. पण लँडोच्या साहित्याचा मोठा भाग दुसऱ्या प्रणाल्यांत हलवला गेला, मग वेबवर आला, आणि ‘व्हिक्टोरियन वेब’ या नावाने आजही वाचता येतो. यंत्र मेलं, दुवे जगले. कारण त्या दुव्यांना कोणीतरी धनी होता.

एकेरी रस्ता

टिम बर्नर्स-लीने १९८९मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, तो या सगळ्यापेक्षा कितीतरी साधा होता. वेबवरचा दुवा एकेरी. मी तुमच्या पानाला जोडून घेतलं, तर तुमची परवानगी लागत नाही आणि तुम्हाला पत्ताही नसतो. हा साधेपणा होता म्हणूनच वेब जगभर पसरलं. त्याची किंमत म्हणजे तुम्ही पान हलवलंत की माझा दुवा मेला, आणि आपल्याला दोघांनाही ते कळत नाही. ‘४०४’ ही पाटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची.

शिक्षणात यावर एक चांगला प्रयत्न झाला. १९९९मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात रिचर्ड बरानियुक या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने ‘कनेक्शन्स’ सुरू केलं. पाठ्यपुस्तकाचे छोटे छोटे घटक करायचे, ते सगळ्यांना मोफत द्यायचे, आणि ज्याला हवे तसे त्याने जुळवून घ्यायचे. तिथल्या दुव्यांना प्रकार होते : हे आधी यायला हवं, हे उदाहरण, हे जास्तीचं वाचन. दुवा कुठे नेतो एवढंच नाही, तो कशासाठी आहे, हेही त्याच्यावर लिहिलेलं. त्यातूनच पुढे ‘ओपनस्टॅक्स’ची मोफत पाठ्यपुस्तकं निघाली. ती जोरात आहेत. घटक जुळवण्याचं जुनं संकेतस्थळ मात्र २०२२मध्ये बंद झालं. तयार पुस्तक लोकांनी उचललं. जोडणीचा कारखाना चालवायला फारसं कोणी आलं नाही.

काळा-पांढरा चौकोन

आता आपल्याकडे येऊ. क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ साली डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवला. उद्देश मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवणं. पाठ्यपुस्तकाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

तो संबंध महाराष्ट्रात जुळला. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पोरांच्या मातृभाषेत पुस्तकं उतरवली, आणि कोडमधून ऐकायच्या कविता, व्हिडिओ, गोष्टी, गृहपाठ दिले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे तुम्हाला आठवत असेल. या गोष्टीतला आपल्या कामाचा भाग असा, की तिथे कोड लावणारा आणि समोरच्या पोरांना ओळखणारा माणूस एकच होता. या पोराला ही कविता ऐकवायला हवी, हे ठरवून त्याने चौकोन चिकटवला होता.

५ सप्टेंबर २०१७ला केंद्र सरकारने ‘दीक्षा’ मंच सुरू केला आणि ही कल्पना देशभर गेली. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ क्यूआर कोड आले. त्यामागची रचना हुशारीची आहे. चौकोनाखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेत असतो. तो कोणत्याही एका व्हिडिओचा पत्ता नसून पुस्तकातल्या त्या घटकाचा पत्ता असतो. त्यामुळे पुस्तक पुन्हा न छापता मागचं साहित्य बदलता येतं, वाढवता येतं, आणि कॅमेरा नीट नसेल तर संकेत टाइप करूनही पोचता येतं. छापील पुस्तकाच्या गावात डिजिटल धड्यासाठी कायमचा पत्ता मिळाला. लाखो पोरांच्या दप्तरात असं काही पोचवणं ही मोठीच गोष्ट आहे, यात वाद नाही.

पण आता विश्वकोशातला ‘पहा’ आठवा आणि हा चौकोन बघा. ‘पहा : वस्त्रोद्योग’ माणसाला वाचता येतं. चौकोन फक्त यंत्राला वाचता येतो. न उघडलेला ‘पहा’ काहीतरी शिकवून जायचा. न उघडलेला चौकोन म्हणजे पानावरची रिकामी जागाच, फक्त शाईने भरलेली.

आणि किती पोरांना तो उघडता येतो? ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेलं. वाढ प्रचंड आहे. तरी त्याच २०२१च्या पाहणीत घरी फोन असलेल्या मुलांपैकीही सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या हाती तो अजिबात मिळत नव्हता. फोन बाबांच्या खिशात, बाबा शेतात. किंवा फोन दादाच्या हातात, आणि धाकटीच्या पुस्तकात चौकोन.

‘का?’चा रकाना

काही काळ मी एका संस्थेसाठी हेच काम केलं. धडे आणि साहित्य यांच्या जोड्या लावायच्या. काम म्हणजे एक भलीमोठी एक्सेल शीट. रकाने ठरलेले : इयत्ता, विषय, पाठ, घटक, साहित्याचा प्रकार, लिंक. दिवसाला इतक्या ओळी भरायच्या, असं लक्ष्य.

काही दिवसांनी मी माझ्यापुरता एक रकाना वाढवला. त्याचं नाव ‘का?’. हा व्हिडिओ या धड्याला का जोडलाय, एका वाक्यात. बहुतेक ओळींत मला एकच उत्तर सुचायचं : ‘विषय तोच.’ कापसाच्या धड्याला कापसाचा व्हिडिओ. पण मधूनच एखाद्या ओळीत खरं उत्तर यायचं. ‘धड्यात मृदा म्हणजे काय हे गृहीत धरलंय, इथे ते दाखवलंय.’ ‘धडा एका बाजूने सांगतो, इथे दुसरी बाजू आहे.’ या ओळी भरायला वेळ लागायचा, आणि त्याच ओळी जोडणी म्हणाव्यात अशा होत्या. शीट प्रणालीत चढवताना तो रकाना गळून जायचा. त्यासाठी तिथे जागाच नव्हती.

तो रकाना इतका महत्त्वाचा का, ते पुन्हा कापसावरूनच सांगतो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. ब्रिटनच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईतून कापूस जाऊ लागला, भाव आभाळाला भिडले, शहरात सट्ट्याला ऊत आला. १८६५मध्ये युद्ध थांबलं आणि सगळा फुगा फुटला. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, कर्जाचे कागद आणि वह्या हिसकावून जाळल्या. दंगे पुणे-नगरकडच्या इतर गावांत पसरले. चौकशी आयोग नेमला गेला, १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. १८८३मध्ये महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला.

एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात कापसाची तेजी आणि दख्खनचे दंगे एकाच प्रकरणात, कार्यकारणाने जोडून शिकवले गेले : तेजीत कर्ज सहज मिळालं, मंदीत सावकारांनी हात आखडला, त्यात शेतसारा वाढवलेला, मग उद्रेक. जोडणी सुंदर आहे. अमेरिकेतल्या युद्धापासून सुप्याच्या बाजारपेठेपर्यंत एक रेष ओढली जाते. पण काही इतिहासकारांना ही रेष इतकी सरळ वाटत नाही. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच या दंग्यांना ‘मिथक’ हा शब्द लावला. दंगे झाले तो कोरडवाहू पट्टा काही वऱ्हाड-खानदेशासारखा कापसाचा मुलूख नव्हता, हेही विसरून चालत नाही.

म्हणजे ‘कापसाची तेजी → दख्खनचे दंगे’ हा दुवा एक विधान आहे. त्याच्या बाजूने बोलता येतं, विरुद्ध बोलता येतं. त्यावर वर्गात अख्खा तास रंगू शकतो. अट एकच : हा दुवा जोडणाऱ्याने ‘का’ ते सांगितलं पाहिजे. ते न सांगता नुसता बाण दिला, तर मूल तो बाण वस्तुस्थिती म्हणून गिळतं. आणि बाणही न देता नुसता चौकोन दिला, तर वाद घालायलाही काही उरत नाही.

हातातून निसटलेली गोष्ट ती हीच. दिदरोच्या निर्देशात मत होतं. समवायात शिक्षकाची समज होती. क्राउडरच्या पानात तुमच्या चुकीचा अंदाज होता. लँडोच्या जाळ्यावर नाव होतं. आपण दुवा इतका स्वस्त केला, की तो जोडायला कारण लागेनासं झालं. मग ही कामं आपसूक ‘यानंतर हे पाहा’ सुचवणाऱ्या यंत्राकडे गेली. ते यंत्र तुमच्यासारख्या लोकांनी पुढे काय पाहिलं ते सांगू शकतं. शेवटी सुप्याचा शेतकरी आणि अमेरिकेतला सैनिक यांचा संबंध तुम्हाला का कळायला हवा, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

उपाय फार महाग नाहीत. चौकोनाशेजारी एक ओळ छापता येईल : ‘कापूस मँचेस्टरला का गेला, ते इथे, आठवीच्या इतिहासाशी ताडून बघा.’ ज्याच्याकडे फोन आहे तो उघडेल. ज्याच्याकडे नाही, त्यालाही निदान असा प्रश्न आहे एवढं कळेल, आणि तो बाईंना विचारू शकेल. साहित्याच्या यादीत ‘का?’ असा एक रकाना ठेवता येईल, आणि तो भरणाऱ्याचं नावही. एकाच धड्याला गडचिरोलीच्या शिक्षिकेने लावलेल्या जोड्या आणि मुंबईच्या शिक्षकाने लावलेल्या जोड्या शेजारी शेजारी दिसू देता येतील. ब्राउनमध्ये हे चाळीस वर्षांपूर्वी जमलं होतं. आज न जमण्याचं तांत्रिक कारण नाही.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. धाकट्या भावंडाला शिकवताना, व्हॉट्सॲपवर कोणाला व्हिडिओ पाठवताना, किंवा स्वतःच्या वहीत नोंद करताना नुसती लिंक टाकू नका. खाली एक वाक्य लिहा : हे का पाठवतोय. जोडणी त्या वाक्यात असते.